तीस अंशांचा पाळणा

माझे वडील मोताळ्याच्या शाळेत भूमिती शिकवत. घरात मात्र भूमितीला फारसं काम नसे. तरी त्यांच्या कोटाच्या वरच्या खिशात पितळेचा कोनमापक कायम असायचा, जसं इतरांच्या खिशात अडकित्ता असतो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. शाळेला नागपूरकडून परिपत्रकं येत आणि बाबा ती दोनदा वाचत, कारण त्यांच्या मते पहिल्या वाचनात सरकारला काय म्हणायचं आहे ते कळत नाही. गावात सुतार एकच, हुसेनमिस्त्री. त्यांनी शाळेसाठी नवी बाकं केली तेव्हा बाबांनी पहिल्याच बाकाच्या कोपऱ्याला कोनमापक लावला आणि भर बाजाराच्या दिवशी, चार माणसांत, तो कोन नव्वद नसून अठ्ठ्याऐंशी असल्याचं जाहीर केलं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. एवढ्याशा गावात एकुलत्या एक सुताराशी बोलणं बंद ठेवणं सोपं नसतं. आमचं मागचं दार तीन वर्षं लागत नव्हतं. माय त्याला रात्री वरवंटा लावून ठेवी आणि बाबांकडे न बघता म्हणे, "कोन बराबर हाय, दारच चुकलं."

त्या वर्षी माझी मोठी बहीण इंदूअक्का बाळंतपणासाठी माहेरी आली. तिचं सासर संग्रामपूरचं, सातपुड्याच्या पायथ्याशी. मुलगी झाली, सुखरूप झाली. बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत शेगडीवर ओवा आणि बाळंतशेपा धुमसू लागला, माय डिंकाचे लाडू वळू लागली, आणि शेजारच्या बाया दारातूनच डोकावून लेकराचं नाक कोणावर गेलं याचा निकाल देऊन जाऊ लागल्या. सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. फक्त अक्का लेकराला खाली ठेवीना. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. ती बाजेवर भिंतीला टेकून बसलेली आणि लेकरू मांडीवर. माय घेऊ लागली की देई, पण डोळे मायच्या हातावर. घटकाभरात परत मागे. झोपत नव्हती. डुलकी लागली की दचकून उठे आणि लेकराच्या नाकापुढे बोट धरी. चौथ्या दिवशी तिला ताप भरला आणि जेवणाचं ताट जसंच्या तसं परत आलं.

याचं कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी विचारलं नाही. तिचं पहिलं लेकरू, मुलगा, सव्वा महिन्याचा होऊन गेला होता. सासरी शिसवी पाळणा होता, तीन पिढ्यांचा, चारी बाजूंनी उंच कठड्याचा, वर मोर कोरलेले. एका सकाळी अक्का उठली, कठड्यावरून आत वाकून पाहिलं, आणि त्यानंतर पाहण्यासारखं काही राहिलं नव्हतं. वैद्यांनी काहीतरी कारण सांगितलं. सासूने काही बोल लावला नाही. उलट, दोन महिने सुनेच्या ताटात पहिला घास स्वतः ठेवला असं अक्काच सांगायची. पण अक्काने स्वतःपुरतं एक कारण पक्कं केलं होतं. त्या पाळण्याच्या भिंती उंच होत्या आणि आत काय चाललंय ते तिला बाजेवरून दिसत नव्हतं.

मायने लुगड्याची झोळी बांधली. अक्काने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "झोयीत तर काहीच दिसत नाई," ती म्हणाली. मग बाबा दारात येऊन उभे राहिले. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांनी जायचं नाही, म्हणून ते उंबऱ्याच्या अलीकडून, वर्गात विचारतात तसं विचारते झाले, "तुले कसा पाळणा पायजे?"

अक्काने हात दोन्हीकडे कलते धरून दाखवले. "परडीसारखा. बाजू बाहेर पडलेल्या. पडल्या पडल्या मले तिचं तोंड दिसलं पायजे."

"किती बाहेर पडलेल्या?"

"दिसन इतक्या," अक्का म्हणाली आणि तिने डोळे मिटले; लगेच उघडले.

दुसरा कुणी असता तर हुसेनमिस्त्रींकडे गेला असता. बाबांनी ओसरीवर दुसरी बाज टाकली, स्वतः तिच्यावर आडवे झाले, उशीवर डोकं ठेवलं आणि मायला समोर फळी धरून उभं केलं. मी फळीच्या पलीकडे लेकराच्या जागी एक तांब्या ठेवला. "कलव," बाबा म्हणत, "आणखी कलव. बस. तांब्या दिसला." मग मी फळीला कोनमापक लावला. उभ्या रेषेपासून तीस अंश. बाबांना तो आकडा फार आवडला. बत्तीस किंवा सत्तावीस आला असता तर त्यांनी बहुधा उशी बदलली असती.

माळ्यावर सागवानाच्या सहा फळ्या होत्या. कधीतरी काहीतरी करू म्हणून बाबांनी त्या लग्नाआधीपासून जपलेल्या. पाळण्याच्या चार बाजूंना चार, आणि चुकलं तर दोन, असा हिशेब त्यांनी मांडला. बुडासाठी जुन्या पेटीचं झाकण होतंच. मग शाळा सुटल्यावर आमच्या अंगणातून करवतीचा आवाज येऊ लागला. तो आवाज मी आजही ओळखीन. मिस्त्रींची करवत श्वास घेतल्यासारखी चालते. बाबांची खोकल्यासारखी चालत होती. त्यांनी फळीच्या तोंडावर, म्हणजे टोकाला, तीस अंशांची तिरपी रेघ मारली, कारण बाजू तीस अंश कलायच्या होत्या. आणि जाडीत पंचेचाळीसचा काप घेतला, कारण दोन फळ्या काटकोनात भेटतात आणि नव्वदाचे निम्मे पंचेचाळीस. यात चूक कुठे आहे ते कुणालाच दिसत नव्हतं. दोन फळ्या जोडून पाहिल्या तेव्हा मात्र दिसली. बाहेरच्या अंगाने ओठ मिटलेले आणि आतून जबडा उघडा. ज्वारीचा दाणा सहज जाईल अशी फट. शिवाय बाजू ठरल्यापेक्षा जास्तच पसरल्या होत्या. बाबांनी रंधा मारला, पुन्हा जोडलं, पुन्हा मारला. तीन संध्याकाळी हे चाललं. शेवटी त्या दोन फळ्या रांजणाच्या झाकणाएवढ्या झाल्या आणि फट जशीच्या तशी राहिली.

माय म्हणाली, "लेकराचं बोट अडकन तिच्यात."

"जुनं लाकूड आहे," बाबा म्हणाले, "अंग चोरतं." ते प्रमाण मराठीत बोलू लागले की समजायचं, ते स्वतःलाच शिकवताहेत.

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. सातवी झाली होती आणि त्यापुढे गावात मुलींसाठी शाळा नव्हती, म्हणून मी घरी होते. घरी असणं म्हणजे पाणी भरणं, भाकऱ्या थापणं आणि संध्याकाळी वडिलांच्या वह्यांचे गठ्ठे लावणं. मला त्या फटीचा राग आला होता. अक्काचा ताप उतरत नव्हता; ओसरीवरून खोलीत पाहिलं की ती तशीच बसलेली, डोळ्यांखाली काजळ फासल्यासारखं. उरलेल्या चार फळ्या माळ्याच्या दाराशी उभ्या होत्या आणि बाबा आता त्यांच्याकडे जाताना जरा वळसा घालून जात.

मी जुन्या परिपत्रकांचा जाड कागद घेतला आणि चिमुकला पाळणा कातरला. बाबांच्या पद्धतीने तोंडाला तीस अंश दिले. चारी बाजू खळीने चिकटवून उभा केला, तर बाजू तीस नव्हे, पस्तीस अंश कलल्या. म्हणजे कागदावरचे तीस आणि उभ्या पाळण्याचे तीस एक नव्हते. मी तिरपेपणा कमी करत गेले. सहावा पाळणा बरोबर तीस अंशांवर बसला. त्याच्या बाजूवर बोटं लावून पाहिली तर चार बोटं रुंदीला बरोबर दोन बोटं बाहेर. पुरतं निम्मं. मी तो बाबांपुढे ठेवला. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला आणि पाटीवर काहीतरी मांडलं. मग मायला म्हणाले, "आज भाकर चांगली झाली." त्या दिवशी भाकरी मी केली होती आणि ती करपली होती.

पण फटीचा प्रश्न कागदाला विचारता येत नव्हता, कारण कागदाला जाडी नसते. त्याचे कोपरे कसेही जुळतात. त्याच दुपारी माय कोहळं चिरायला बसली. घरचंच होतं, कुंपणावर चढलेल्या वेलाचं, टणक सालीचं. तिने मला जाडजाड फोडी करायला सांगितल्या आणि ती चुलीकडे गेली. मी विळीवर बसले. एक फोड हातात घेतली. ती फळीइतकीच जाड होती, बाहेरून साल, आतून गर. मला वाटलं, ही पाळण्याची बाजू आहे असं धरू. कागदाचा पाळणा समोर ठेवला आणि फोड त्याच्या बाजूसारखी कलती धरली. आणि मग मी काय केलं ते सांगायला सोपं आहे, सुचायला पंधरा वर्षं विळीवर बसावं लागलं. विळीचं पातं हलत नाही. ते उभं असतं. आपण भाजी वळवतो. बाबा फळी सपाट ठेवून करवत तिरपी करायला बघत होते, एकाच वेळी दोन बाजूंना तिरपी, आणि त्यासाठी आधी दोन्ही कोन आकड्यात माहीत असायला हवेत. मी फोड पाळण्यात बसणार तशीच कलती ठेवली, पात्याशी कोपऱ्यात वळवली आणि सरळ दाबली. दुसरी फोड उलट्या बाजूने तशीच. पहिल्यांदा हात हलला. दुसऱ्यांदा जरा जुळलं. तिसऱ्यांदा दोन फोडी एकमेकींना अशा चिकटल्या की सालीला साल आणि गराला गर, मधून उजेड नाही.

मी माय येईपर्यंत सबंध कोहळं तसंच कापलं. त्या दिवशी आमच्याकडे कोहळ्याची भाजी झाली, दुसऱ्या दिवशी बोंडं, तिसऱ्या दिवशी बाकरभाजी. बाबा शाळेतून आल्यावर मी त्यांना दोन फोडी दाखवल्या. त्यांनी कापाला कोनमापक लावला. "बावन्न," ते म्हणाले. पुन्हा लावला. "पंचेचाळीस नाही. बावन्न." मग त्यांनी मला कारण विचारलं, "काऊन?"

वडिलांनी स्वतःलाच उत्तर माहीत नसलेला प्रश्न मला विचारण्याची ती पहिली वेळ. मी म्हणाले, "मले नाई मालूम. पन असंच बसते."

आता एकच अडचण उरली होती. चार फळ्या होत्या आणि आठ तोंडं कापायची होती, आणि बाबांच्या हाताला खोकला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन फोडी फडक्यात बांधल्या आणि घरात पाणी आणते म्हणून सांगून हुसेनमिस्त्रींच्या दुकानाकडे गेले. ते एका बंडीचं चाक बसवत होते. दाढी भुशाने पिवळी झालेली. मी फडकं सोडलं.

"कोहळं?" ते म्हणाले. "माया घरी बी हाय, बेटा."

"चाचा, असा काप तुमाले लाकडात घेता येते का?"

त्यांनी फोडी हातात घेतल्या, जुळवल्या, उजेडाकडे धरल्या, अंगठ्याने सांधा चाचपला. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "हे मास्तरनं केलं?"

"मी केलं. विळीवर."

"मास्तर काय करून राह्यला मंग?"

"फळ्या संपवून राह्यले," मी म्हणाले, आणि मग अक्काचं सगळं सांगितलं. सांगताना मला रडू आलं. ते आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. मिस्त्रींनी ऐकून घेतलं, करवत आणि काटकोनाचा गुण्या उचलला आणि दुकानाला कडी लावली. वाटेत एवढंच म्हणाले, "मी मास्तरशी बोलनार नाई. लाकडाशी बोलीन."

आणि तसंच झालं. अंगणात दोघं समोरासमोर उभे राहिले, दोन हातांवर, आणि मध्ये मी. "पोरी, मास्तरले सांग, सुतारकाम खेळ नाई." "कमल, मिस्त्रीला सांग, ते मला समजलं आहे." वाया गेलेल्या दोन फळ्यांचा मिस्त्रींनी एक साचा ठोकला, म्हणजे फळी टेकवून ठेवायचा कलता आधार, आणि तो तीस अंशांवर आहे की नाही ते बाबांनी तपासलं. "मास्तरले इचार, बराबर हाय का?" "मिस्त्रीला सांग, एक केस कमी आहे." मिस्त्रींनी एक केस वाढवला. पहिली चांगली फळी साच्यात कलती बसली, पाळण्यात बसणार होती तशीच. वरून पंचेचाळीसची रेघ मी मारली. "मास्तरले सांग, फळी धर. हालू नको म्हना." बाबांनी गुडघे टेकून फळी दोन्ही हातांनी आवळून धरली. आपल्या बोटांपासून चार अंगुळांवर त्या माणसाची करवत चालू देणं, ज्याचा अपमान आपण भर बाजारात केला, याला धीर लागतो. करवत उभी, सरळ खाली आली. एकदाही तिरपी झाली नाही.

दोन तोंडं कापून मिस्त्रींनी ती जुळवली आणि उन्हाकडे धरली. उजेड आला नाही. त्यांनी दाढीचा एक केस उपटून सांध्यात घालून पाहिला. गेला नाही. शेजारच्या गोठ्यात गाय शेपटी आपटत होती तेवढाच आवाज.

"मास्तर," मिस्त्री म्हणाले. थेट. "ते बाक वाकडंच होतं."

बाबा अजून गुडघ्यांवरच होते. "शाळेची जमीन बी कुठं सरळ हाय," ते म्हणाले. "अन् ते बाजारात सांगायची गोष्ट नव्हती. मायं चुकलं."

"हाव," मिस्त्री म्हणाले, "चुकलं. दुसरी फळी द्या."

परवा माझ्या नातवाने मला त्याच्या फोनवर दाखवलं. बाजू किती कलती ते टाकलं की दोन्ही कोन दशांशापर्यंत येतात. बावन्न पूर्णांक काही तरी. मी म्हटलं, छान आहे. बाबांना हे 'काऊन' पाटीवर सुटायला आणखी पाच दिवस लागले, आणि तोवर पाळणा टांगून झाला होता. तरीही त्यांनी ते सोडवलं, आणि मॅट्रिकच्या मुलांना दोन तास शिकवलं. मुलांना काही कळलं नाही असं ते स्वतःच समाधानाने सांगत. त्या उन्हाळ्यानंतर त्यांनी मलाही रोज संध्याकाळी शिकवायला सुरुवात केली, पण त्याबद्दल आमच्यात कधी बोलणं झालं नाही. एके दिवशी वह्यांच्या गठ्ठ्यावर एक पाटी जास्त होती, एवढंच.

बाराव्या दिवशी, बारशाला, अक्काच्या सासरची माणसं दमणीतून आली. मागे बंडीत शिसवी पाळणा होता, मोर घासूनपुसून चकचकीत केलेले, वर झालर. रीत त्यांची, लेकरू त्यांचं. त्यांनी तो खाली उतरवला असता तर आमच्यापैकी कुणाला काही म्हणता आलं नसतं. अक्काची सासू उंच, हाडापेराने मोठी बाई. ती सरळ खोलीत गेली. बाजेशेजारी तुळईला आमचा पाळणा टांगलेला होता, अजून रिकामाच, ना रंग, ना नक्षी, नुसतं तेल पाजलेलं सागवान. तिने तो झुलवून पाहिला. मग वाकून आतल्या कोपऱ्यातून बोट फिरवलं, एक कोपरा, दुसरा, चारी. उठली, बाजेच्या कडेवर बसली, आणि हळूच अक्काच्या उशीवर डोकं टेकलं. तिथून तिने पाळण्याकडे पाहिलं. ती तशी किती वेळ होती सांगता येणार नाही. चूल फुंकायचं थांबवून माय दारात येऊन उभी राहिली, एवढा वेळ होता.

उठून ती बाहेर आली आणि बंडीवाल्याला म्हणाली, "तो नको उतरू. वापस न्याचा हाय."

मग ती आत गेली. लेकरू घ्यायला तिने सुनेपुढे हात पसरले नाहीत. फक्त पाळण्याची एक बाजू धरून ठेवली, हलू नये म्हणून. अक्का तिच्याकडे पाहत होती, पाळण्याकडे पाहत होती. बारा दिवसांत पहिल्यांदा तिने लेकराला स्वतःच्या हाताने खाली ठेवलं. लगेच बाजेवर आडवी झाली आणि मान वळवली. दिसत होतं. पुरतं तोंड दिसत होतं, मिटलेल्या मुठी दिसत होत्या, पोट वरखाली होताना दिसत होतं. तिने एक हात पाळण्याच्या कलत्या बाजूवर टाकला. बाहेर बाया जमू लागल्या होत्या, घुगऱ्या वाटायला परात भरली होती, लेकराची आत्या नव्या साडीत तयार होती. कुणीतरी म्हणालं, इंदूला उठवा, मुहूर्त होतोय. पाहतो तर अक्का झोपली होती. तोंड उघडं टाकून, घोरत.

"उठवू नका," सासू म्हणाली. "कोनी आवाज करू नका."

"अन् बारसं?" आत्याने विचारलं.

"हळू करा."

आमच्या गावात झालेलं ते एकमेव कुजबुजतं बारसं असेल. पंधरावीस बाया चवड्यांवर आत आल्या, पाळण्याभोवती दाटीने उभ्या राहिल्या आणि पाळण्याचं गाणं नुसत्या ओठांनी म्हणाल्या. बांगड्या वाजू नयेत म्हणून मायने हात पदरात गुंडाळले होते. आत्याने वाकून लेकराच्या कानात नाव सांगितलं, तेही इतकं हळू की मागच्या बायांना ते घुगऱ्या घेताना विचारून घ्यावं लागलं. दाराबाहेर बाबा आणि हुसेनमिस्त्री एकाच बाकड्यावर बसून घुगऱ्या खात होते आणि हातवारे करून कशाबद्दल तरी वाद घालत होते. तोंडातून शब्द काढायला त्यांनाही बंदी होती.

उन्हं उतरली, पाहुणे पांगले, बंडी मोरांसकट गेली, तरी अक्का झोपलेलीच. सासू तेवढी मागे राहिली होती, बाजेच्या पायथ्याशी भिंतीला टेकून. दिवेलागणीच्या सुमारास अक्का जागी झाली. दचकली नाही. मान तिथल्या तिथे होती, तिने फक्त डोळे उघडले आणि पाहिलं. मग सासूकडे वळून, घसा बसलेल्या आवाजात विचारलं,

"काय नाव ठेवलं?"

"विमल," सासू म्हणाली.

अक्काने ते एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं.